जीप आली की बसायचं

"एसटीनेच येते," असं कौसल्याला पत्रात ठणकावून लिहिलं होतं. तेव्हा वस्तीवर फोन कुठला! दिल्या शब्दाला जागले असते, तर पुढचा तमाशा टळला असता. पण सुप्याच्या फाट्यावर उतरले तर पारनेरची गाडी नुकतीच गेलेली, ऊन डोक्यावर, आणि चपलेचा अंगठा तुटलेला. तेवढ्यात एक भाड्याची जीप मिळाली आणि मी ऐटीत पुढच्या सीटवर बसून निघाले.

दोन्हीकडे बाजरी काढलेली रानं, मध्येच हिरवीगार तूर. वस्तीची घरं दिसली तशी कुणीतरी थाळी वाजवू लागलं. मला वाटलं, स्वागत! अहो, कसलं स्वागत? वळणावर भर रस्त्यात तीस-चाळीस माणसं खाली बसलेली. कुणाचे हात पिठाने भरलेले, एकाच्या अर्ध्या गालावर दाढीचा साबण. कुणी जागचं हलेना. ड्रायव्हरने माझी पिशवी खाली ठेवली आणि गाडी उलटी घेत पसार झाला.

"कोन तुमी? कुनाकडं आलाय?" पुढच्या बाईने विचारलं. "कागद हाय का?"

माझ्याकडे कागद म्हणजे एसटीचं तिकीट. तेच पुढे केलं.

मागून कौसल्या ओरडली, "अगं, ही आपली हाय! नर्सिंग शिकताना माझ्या खोलीत हुती!"

सगळी वस्ती खो खो हसली. मग "जय भीम ताई, जय भीम" करत माझी पिशवी पार कौसल्याच्या घरात पोचली.

तिने गरमागरम शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळून रश्शात शिजवलेले) वाढले आणि सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका विहिरीवरची मोटार चोरीला गेली. भर दुपारी पोलिसांची जीप आली आणि रानात एकटा सापडला म्हणून तिच्या धाकट्या भावाला, दगडूला, उचललं. दोन दिवसांनी सोडला तेव्हा त्याला तळपाय टेकवत नव्हते. मोटार नंतर मालकाच्याच मेव्हण्याकडे निघाली! पण जीप येतच राहिली. आवाज आला की माणसं पळत, आणि मागे राहील तो मार खाई.

"मग आमी बायकांनी ठरवलं, पळायचं न्हाई. थाळी वाजली की हातातलं काम टाकून रस्त्यात बसायचं. एकटं कुनीच ऱ्हायचं न्हाई. आन् एकीनं कागद मागायचा, वारंटाचा." कौसल्या हसली. "तवापासून जीप तीनदा आली. तिन्ही बारीला रिकामी गेली."

"आणि दगडू?"

"त्यो अजून पळतो. आत्ता तुझ्या जीपला बी पळाला. तुरीत बसलाय. मारनाऱ्या पोलिसावर केस केलीय, उद्या पारनेरच्या कोर्टात त्याची साक्ष हाय. मागल्या तारखेला खाकी बघून फाटकातूनच माघारी आला. आता पुन्हा तारीख मिळायची न्हाई."

मी ताट बाजूला सारलं. तशीच तुरीत गेले. "दगडूभाऊ, जीप माझी होती हो. चुकलं माझं!"

तो अंग झटकत बाहेर आला. चाळिशीचा, उंचापुरा माणूस. "तुमचं न्हाई वो ताई. आवाज आला की पाय माझं ऐकत न्हाईत."

सकाळच्या पहिल्या गाडीत आम्ही डझनभर जणं. कंडक्टर म्हणाला, "कुठं, लग्नाला?"

"साक्षीला!" कौसल्या अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी म्हणाली.

कोर्टाच्या फाटकात खाकीतले दोन शिपाई चहा पीत उभे होते. दगडू थबकला. पाय मागे वळलेच. कौसल्याने त्याचा हात धरला नाही, समजावलंही नाही. पिशवीतून थाळी काढली, एकदाच वाजवली आणि तिथेच मातीत बसली. पाठोपाठ सगळे बसले. मीही बसले, दुखऱ्या गुडघ्यांसकट.

"काय झालं?" शिपाई दचकून म्हणाला.

"काय न्हाई साहेब. साक्षीदार दम खातोय."

दगडू एकटाच उभा होता. आमच्याकडे बघत राहिला. मग हळूच कौसल्याशेजारी बसला. दोन वर्षांत पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली!

नावाचा पुकारा झाला तेव्हा तो उठला आणि त्या शिपायांच्या मधून आत गेला. आम्ही दाराशी दाटी केली. मारणारा दाखव म्हटल्यावर त्याचा आवाज खणखणीत आला, "त्यो काय, त्यो बसलाय त्यो."

निकाल त्या दिवशी लागणार नव्हताच. बाहेर येऊन दगडू एवढंच म्हणाला, "लई भूक लागली." कडुनिंबाखाली आम्ही भाकरी-ठेचा खाल्ला.

परतीच्या गाडीत मला आमची पुण्यातली गल्ली आठवत होती. आदल्या वर्षी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला पोलिसांनी ओढत नेलं, तेव्हा मी खिडकी लावून घेतली होती. परत आल्यापासून त्या खिडकीशी एक थाळी ठेवलीय. वाजवली तर गल्लीतलं कुणी येईल की नाही, देव जाणे. मी मात्र खाली जाऊन बसणार.