दुधाबरोबरची गोळी

दापोडीला रेल्वेमार्गालगतच्या गल्लीत राहणाऱ्या गोजाबाईंच्या दिवसाचा आरंभ पतीच्या सदऱ्याची बटणे लावण्याने होई. ज्योतीराम तीस वर्षे चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर होते. केसाच्या जाडीएवढा फरक त्यांच्या बोटांना कळे. त्याच बोटांना आता कंपवाताने ग्रासले होते. सदरा आपला आपण घालावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

गोळी दिवसातून तीनदा. औषध उष्ण पडते, या माहेरच्या श्रद्धेने गोजाबाई प्रत्येक गोळी पेलाभर दुधाबरोबर देत. दोन वर्षांत एकही वेळ चुकली नाही. गुण मात्र येईना.

एका सकाळी दूध नासले. गोळी पाण्याबरोबरच गेली, आणि त्या गडबडीत बटणे लावायची राहिली. तासाभराने गोजाबाई दळण घेऊन परतल्या, तो ज्योतीराम आरशापुढे उभे. चार बटणे लागलेली.

“कोणी लावली हो?”

“शेजारीण येऊन गेली,” ते गंभीरपणे म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी हसले.

गोजाबाई पिठाच्या हातांनीच औषधांच्या दुकानात गेल्या. दुकान यास्मिनचे. सगळे ऐकून तिने विचारले, “मावशी, एरवी गोळी दुधाबरोबर देता?”

“मग काय, पोटात आग पडू देऊ?”

“दुधात प्रथिनं असतात. त्यांचे कण आणि हे औषध आतड्यातून रक्तात अन् रक्तातून मेंदूत एकाच दारानं जातात. दुधानं गर्दी केली, की औषध बाहेरच ताटकळतं. जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर द्या. अन् डॉक्टरांच्याही कानावर घाला.”

“म्हणजे दोन वर्षं मीच दार अडवून बसले होते.”

मेंदूच्या वेशीवरचा द्वारपाल येणाऱ्याचा हेतू पाहत नाही. ओळखीचा कण तेवढा आत घेतो. वात्सल्याने दिलेले दूधही त्याच्या लेखी केवळ दाटी.

घरी येऊन त्या उंबऱ्यावरच बसल्या. ज्योतीरामांनी सारे ऐकून घेतले.

“दूध बंद नको करू, गोजा. मागाहून देत जा. सवय लागलीय.”

दुसऱ्या सकाळी गोळी पाण्याबरोबर दिली गेली. मग गोजाबाई हात मांडीवर ठेवून समोर बसल्या. त्यांना किती वेळा उठावेसे वाटले! एकेक बटण लागत गेले. गळ्याशी मात्र हात थकले आणि खाली आले.

“एवढं वरचं लाव,” ते म्हणाले.

त्या उठल्या.