थ्रूआउट साठ

चिठ्ठी उघडली, वाचली आणि मी ती पुन्हा घडी घालून हातात धरली. समोर दोनशेच्या आसपास माणसं बसली होती. पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतलेली मुलं आणि त्यांचे आईवडील. शेजारच्या खुर्चीत आमचे प्रिन्सिपल.

हे २००४ सालचं. आमचं इंजिनिअरिंग कॉलेज आंबेगाव तालुक्यात, हायवेपासून थोडं आत. मी इलेक्ट्रिकलचा लेक्चरर आणि जोडीला टीपीओ, म्हणजे मुलांच्या नोकऱ्यांसाठी कंपन्यांशी बोलणारा माणूस. दर वर्षी पहिल्या आठवड्यात मुलं चिठ्ठीवर प्रश्न लिहायची आणि मी स्टेजवरून उत्तरं द्यायचो. तोंडी कुणी विचारत नसे. घरातलं पहिलंच इंजिनिअर होणारं पोर, लाजतं.

प्रश्न ठरलेले असत. केटी म्हणजे काय? मी सांगायचो, एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसता येतं, तो राहिलेला विषय म्हणजे केटी. मुलींना मेकॅनिकल झेपतं का? झेपतं. त्या दिवशी एका चिठ्ठीत होतं, "कॅम्पस कंपनी कुठे आहे, चाकणला की रांजणगावला?" हॉल हसला. मी समजावलं की कॅम्पस ही कंपनी नाही. कंपन्याच कॉलेजात येऊन शेवटच्या वर्षाच्या मुलांमधून निवड करतात, त्याला कॅम्पस म्हणतात.

हातातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "दहावीला साठपेक्षा कमी असतील तर कॅम्पसला चालतं का?"

उत्तर एका शब्दाचं होतं. नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कंपन्यांची अट "सिक्स्टी पर्सेंट थ्रूआउट" अशी असे. दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, तिन्हीकडे साठ. एका ठिकाणी कमी पडले तर कंपनीच्या निवड परीक्षेलाही बसू देत नसत. पण त्या वर्षी जागा भरत नव्हत्या, आणि प्रवेश रद्द करायची मुदत शुक्रवारपर्यंत होती. प्रिन्सिपलनी चिठ्ठी वाकून वाचली आणि हळूच म्हणाले, "जनरल सांगा."

मी जनरल सांगितलं. "साठ टक्के थ्रूआउट लागतात. दहावी-बारावी झाली, आता इथे नीट अभ्यास करा." दोन्ही वाक्यांत खोटा शब्द एकही नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. आळेफाट्याला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की आतली तार काढून नवी भरायची, हे काम. मुलगी वैशाली. बारावीला बहात्तर टक्के. दुकानात बसून कॉइल भरायची, म्हणून इलेक्ट्रिकल घेतलेलं.

"सर, ती दहावीची चिठ्ठी हिचीच व्हती," ते म्हणाले. "टायफॉइड झाला व्हता परीक्षेच्या टायमाला. तुमी बोल्ला ते आमाला नीट कळलं न्हाई. थ्रूआउट मंजी काय?"

माझ्याआधी वैशालीच बोलली. "अप्पा, थ्रूआउट म्हणजे शेवटपर्यंत. चारही वर्षं साठच्या खाली जायचं नाही. बरोबर ना सर?"

"खाली जाऊ नकोस," मी म्हणालो.

"न्हाई, इचारायचं कारण असं," वडील म्हणाले, "हिचा डीएडला नंबर लागलाय. शुक्रवारपर्यंत काय ते सांगायचंय. मास्तरीण झाली तरी आमाला लई झालं. पण ही म्हणती इंजिनिअरच व्हनार. गेल्या साली तुमच्या किती पोरान्ला नोकऱ्या लागल्या?"

"शहाऐंशी टक्के."

"मंग काय राव! शंभरात शहाऐंशी. ऱ्हा गं बाई हितंच, व्हय इंजिनिअर."

त्या आदल्या साली शेवटच्या वर्षाला एकशे ऐंशी मुलं होती. त्यातली थ्रूआउट साठवाली चव्वेचाळीस. त्यातल्या अडतीस जणांना नोकरी लागली. अडतीस भागिले चव्वेचाळीस, शहाऐंशी टक्के. अडतीस भागिले एकशे ऐंशी, एकवीस टक्के. दोन्ही भागाकार मीच केले होते. माहितीपत्रकात पहिला छापला होता.

पुढची तीन वर्षं ती माझ्याच विभागात होती. केटी एकही नाही. एका सेमिस्टरला जेमतेम साठ आले तेव्हा मार्कशीट घेऊन धावत आली. "सर, खाली नाही ना गेलं?" मी म्हणालो, नाही. तेव्हा सांगता आलं असतं. वर्षातून दोन निकाल, म्हणजे सहा वेळा सांगता आलं असतं. कंपन्या तोवर अट सैल करतील, असं मी स्वतःला सांगत राहिलो. आता सांगून उपयोग काय, हेही सांगत राहिलो. डीएडची जागा तर गेलीच होती.

२००७ साली पुण्यातल्या एका कॉलेजात पूल कॅम्पस होता, म्हणजे अनेक कॉलेजांची मिळून एकच निवड. मी मुलांना बसने घेऊन गेलो. वैशालीचं नाव मी यादीत घातलं होतं. तिचे इंजिनिअरिंगचे सरासरी पासष्ट टक्के होते. वाटलं, बघतील.

फॉर्मवर दहावीचे मार्क दशांशात लिहायचे होते. तिने लिहिले. साडेसातशेपैकी चारशे अठ्ठेचाळीस. एकोणसाठ पूर्णांक त्र्याहत्तर.

एचआरच्या बाईंनी फॉर्म बाजूला काढला. मी टेबलापाशी गेलो.

"मॅडम, दोन मार्क कमी आहेत. फक्त दोन."

"सर, साठ थ्रूआउट. तुम्हाला मेल केला होता."

"आजारी होती त्या वर्षी. इथले मार्क बघा तरी."

"मी बघून काय उपयोग? सिस्टिम नावच घेत नाही. असे फॉर्म का आणता सर? त्या मुलीलाच त्रास."

वैशाली मागेच उभी होती. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो.

"थ्रूआउटमध्ये दहावी पण येते?" तिने विचारलं.

"येते."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे सर?"

"पहिल्यापासून."

ती रडली नाही. थोडा विचार करून म्हणाली, "दहावी परत दिली तर?"

"कंपन्या पहिल्याच वेळचे मार्क धरतात."

"बरं," ती म्हणाली आणि बसमध्ये जाऊन बसली. बाकीच्यांच्या परीक्षा संपेपर्यंत, साडेपाच तास.

त्या वर्षी आणखी चार कंपन्या आल्या. तिन्हींची तीच अट. चौथीला मेकॅनिकलची मुलं हवी होती. वैशाली फर्स्ट क्लासमध्ये पास झाली आणि चाकणला एका इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये कॉन्ट्रॅक्टवर लागली. सहा-सात महिने काम, मग ब्रेक. मंदी आली तेव्हा ब्रेकनंतर बोलावणंच आलं नाही. तिच्याबरोबर डीएडला नंबर लागलेली तिची मैत्रीण तोवर झेडपीच्या शाळेत शिकवत होती. डीएडवाल्यांचीही पुढे फरपट झाली, हे खरं आहे. पण त्या वर्षीच्या मुलींची नाही.

नंतरच्या जूनमध्ये वैशालीचे वडील धाकट्या मुलीला घेऊन पुन्हा आले. तिची बारावी झाली होती.

"हिला दहावीला एक्क्याऐंशी हायेत," ते म्हणाले. "आता नीट सांगा."

मी दोन्ही भागाकार कागदावर मांडून दाखवले. त्यांनी कागद आपल्याकडे ओढून वाचला.

"येवढंच त्या दिवशी सांगाय काय झालं व्हतं?"

"जागा भरत नव्हत्या," मी म्हणालो.

"मंग आमची वैशाली जागा भराय घेतली व्हय तुमी?"

त्यांनी कागद खिशात ठेवला आणि गेले. धाकटी आमच्याकडे आली नाही.

त्या वर्षी मी स्टेजवरून मराठीत सांगितलं, दहावीला साठच्या खाली असाल तर इथून नोकरी लागेल असं धरून चालू नका. दोन्ही टक्के फळ्यावर लिहिले. शुक्रवारपर्यंत अकरा प्रवेश रद्द झाले. प्रिन्सिपलनी मला केबिनमध्ये बोलावलं, आणि पुढच्या वर्षी मला परीक्षा विभागात टाकून तो कार्यक्रम दुसऱ्याकडे दिला. माहितीपत्रकात पहिलाच भागाकार छापत राहिले.

मुलांना घेऊन प्रवेशाला जाणाऱ्यांना एवढंच सांगतो. कुणी टक्का सांगितला की "कितीजणांपैकी?" असं विचारा. सांगणारा इंग्रजीत बोलू लागला, तर शुक्रवारच्या आत निर्णय बदला.