तो वास मोहाचा नव्हता

सत्तरचं दशक सरत आलं होतं. चिखल्याच्या खाणीच्या चाळीत आम्ही राहायचो. माझे यजमान तिशीच्या आतले. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, सासूबाईंसमोर, त्यांनी दारू सोडली होती.

त्या उन्हाळ्यात त्यांची पँट कमरेवर टिकेना. तहान अशी, की भरलेलं मडकं संध्याकाळी कोरडं. अंगणाअंगणात दारूसाठी मोहफुलं वाळत होती, आणि यजमानांच्या तोंडालाही तसाच आंबूस-गोड वास यायला लागला. आमच्या भागात तो वास कशाचा, हे कोणी कोणाला विचारत नाही.

एका दुपारी खाणीतल्या पाळीवरून ते भिंत धरत आले आणि ओसरीतच ओकले. शेजारचे भाऊजी हसले, "काय जी, भर दुपारीच चढली?"

शरमेनं माझ्या कानशिलांतून आग निघाली.

"पोराच्या डोक्यावरचा हात विसरले काय तुमी?"

"पेलो नाही व मी. पोट दुखून राहिलं. पानी दे मले."

मी वाकून वास घेतला. तांब्याभर पाणी बाहेर ठेवलं आणि आतून कडी घातली. "उतरली का मंग या आत."

दारापलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता. खोल, भराभर, लांबून पळत आल्यासारखा. नाटक आहे, असं मी स्वतःला सांगत भाकरी थापत बसले. दिवस मावळताना कडी काढली, तेव्हा हाकेला ओ नव्हती.

ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं. "पेले असतील जी," मी आधीच बोलून गेले. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. सकाळी सगळं संपल्यावर त्यांनी मला बाजूला बसवलं. "साखरेचा आजार होता त्यांना बाई. रक्तात साखर मोप होती, पण शरीराला ती वापरता येत नव्हती. मग शरीर चरबी जाळतं. उपासाला तुमची-माझीही थोडी जळते. यांच्या शरीरात ते जळणं आवरणारा रसच उरला नव्हता. वास त्याचा होता, दारूचा नाही."

सासूबाई गावाकडून, आंबागडाहून आल्या. "पेला होता काय व?"

मी मान खाली घातली. तेवढंच केलं. तेवढं पुरलं.

पुढे मी लेकराला घेऊन आंबागडलाच राहिले. दरवर्षी पितरांच्या पानाशेजारी सासूबाई मोहाच्या दारूचा द्रोण ठेवायच्या. "शपथ मोडली ना बाप्पा, आता पे पोटभर." मी पान वाढायची. मुलगा मोठा झाला, बापाच्या पानाकडे पाठ करून जेवायला लागला. एका वर्षी मात्र त्याची ती पाठ बघून वाढता वाढता माझा हात थांबला.

"माय," मी सासूबाईंना म्हटलं, "ते पेले नव्हते."

"मंग वास कायचा होता?"

"आंगातली चरबी जळून राहिली होती. बिमारी होती. पानी मागत होते, अन् म्या कडी लावली."

सासूबाईंनी द्रोण नालीत ओतला, डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर पडल्या. मी ओसरीतून ऐकत होते. प्रत्येक दारात तेच: "माह्या पोरानं पेली नव्हती जी. बिमारी होती त्याले."

कडीचं त्यांनी कोणत्याच दारात सांगितलं नाही. मरेपर्यंत नाही. गावात मला अजून बिचारी म्हणतात.