भावोजींची कानस

जगात जे जे ठाकठीक चाललंय त्यात काहीतरी मुळातच चुकलेलं आहे, असं मानणारा माणूस आमच्या घरात जावई म्हणून आला आणि त्या दिवसापासून आमच्याकडे ठाकठीक असं काही राहिलं नाही. हा माणूस म्हणजे आमचे भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवायचे. नव्वदीच्या सुरुवातीला 'कॉम्प्युटरमध्ये आहेत' म्हटलं की लोक जरा दबून वागायचे. भावोजींच्या लेखी मात्र कॉम्प्युटर हा पोटापाण्याचा उद्योग; जीव सगळा गणितात आणि गाण्यात. ताई म्हणायची, "मला दोन सवती आहेत आणि त्या दोघींचं आपसात फार जमतं."

केळी आणायला पाठवलं तर हे डझनाला तयार नसत. बारा हा आकडा त्यांना लेचापेचा वाटे. कोणीही येतो आणि भाग घालून जातो! घ्यायची तर अकरा, नाहीतर तेरा. केळीवाला उरलेलं केळं हातात धरून काकुळतीला येई, "सर, घ्या ना, तुमचंच हाय हे." त्यावर हे गंभीरपणे सांगत, "ते घेतलं तर बाकीच्या अकरांची अब्रू जाईल." ताईने मिक्सर लावला की स्वयंपाकघरात डोकावून म्हणत, "चटणीत पाणी घाल थोडं, निषाद चढतोय." सायखेड्याला माझ्या वडिलांकडे, म्हणजे आप्पांकडे जाताना तर विचारूच नका. एसटीच्या इंजिनाची घरघर हाच तानपुरा समजून ते यमन सुरू करत. एकदा आलाप रंगात आला आणि ड्रायव्हरने गिअर बदलला. सा सरकला. भावोजी उठून थेट त्याच्यापाशी गेले. "दादा, गंधार पुरा होईपर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच राहता येईल का?" ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला, "सर, तुम्हाला सायखेड्याला जायचं हाय का गाणं संपवायचं हाय?" भावोजी यावर खरोखरच विचार करायला लागले, तेव्हा ताईने शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं.

आप्पा पोस्टातून रिटायर झालेले. दर गुरुवारी नदीकाठच्या देवळात भजन, आणि भजनाला आप्पांची पेटी. ते काळी दोनमध्ये गायचे आणि ही उंच पट्टी हीच त्यांची गावातली इज्जत होती. पण सत्तरीकडे झुकल्यावर वरचा सा लावताना गळा चिरकायला लागला होता. त्या वेळी मंडळी टाळ जरा जोरात वाजवत.

एका दिवाळीत पेटीचा एक सूर अडकला. "जावईबापू, बघा हो जरा, कचरा गेला असेल," आप्पा म्हणाले. काम फुंकर मारून होण्यासारखं. पण भावोजी पेटीच नाशिकला घेऊन आले, तिला मायक्रोफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि सुतकी चेहऱ्याने बाहेर येऊन म्हणाले, "आप्पांच्या पेटीतला एकूण एक सूर खोटा आहे." त्यांचं म्हणणं असं, की कुठल्याही पट्टीत गाता यावं म्हणून पेटी करणारे सगळ्याच सुरांत थोडी थोडी भेसळ करतात. शुद्ध सुरांचं गणित वेगळं. मग कानस घेऊन त्यांनी आतली एकेक पितळी पाती घासून 'खरी' केली आणि आम्हाला वाजवून दाखवली. खोटं कशाला बोलू, गंधार लागला तेव्हा ताई कणकेचे हात तसेच धरून दारात उभी राहिली.

गुरुवारी आम्ही सगळे देवळात हजर. आप्पांनी काळी दोनचा सा धरला, वर पंचम लावला आणि आतून दोन म्हशी भांडायला लागल्या. टाळ थांबले. "आप्पा, पेटी आजारी हाय का?" एकाने विचारलं. भावोजींचा चेहरा उतरला. शुद्ध केलेले सूर एकाच सा-पासून शुद्ध असतात, सा बदलला की तेच बेसूर होतात, हे आम्हाला वैताग येईपर्यंत त्यांनीच शिकवलं होतं. आणि पेटी त्यांनी घासली होती स्वतःच्या खालच्या पट्टीत, काळी एकमध्ये! सासऱ्यांची पट्टी कोणती, हे विचारायचंच राहून गेलं होतं.

"आप्पा, काळी एकमध्ये ती निर्दोष आहे," भावोजी पुटपुटले. मला आप्पांकडे बघवेना. काळी दोन सोडायची म्हणजे भरल्या देवळात गळा उतरल्याचं कबूल करायचं. न सोडायची तर भजन तिथेच संपलं. आप्पांनी पेटी जरा पुढे ओढली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जावईबापूंनी पेटीच खाली उतरवून ठेवली, त्याला मी काय करू!" आणि काळी एक धरली.

वरचा सा आला तशी मंडळींनी सवयीने टाळ जोरात घेतले. मग ते हळूहळू आपोआप खाली आले. आप्पांचा गळा भरून लागला होता, झाकायला काही नव्हतंच. परतताना एसटीत भावोजी गायले नाहीत.

पुढे आप्पा येईल त्याला ऐकवत, "मी काळी दोनचाच माणूस. जावयाने पेटीचं वाटोळं केलं." सांगताना स्वारी खुशीत असे. भावोजी समोर मान खाली घालून पोहे खात. मी त्यांना एकदा बाजूला घेऊन विचारलं, "मुद्दाम केलंत ना?"

"छे हो, शुद्ध गाढवपणा. रीत साफ चुकली. उत्तर तेवढं बरोबर आलं."

आप्पा गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांची आठवण मला अजूनही गुरुवारी जास्त येते. पेटी नाशिकला भावोजींकडे असते. त्यांचेही केस पिकले आणि गळा आणखी खाली, पांढरी एकवर उतरला, तेव्हा ती पेटी आता त्यांच्याही कामाची नाही. परवा मी म्हटलं, "भावोजी, कानस आहे ना अजून? घासा की परत, तुमच्या पट्टीत."

"नको," ते म्हणाले. "आप्पांच्या गळ्याला लागलीय ती."

मग त्यांनी भाता उघडला आणि काळी एक धरून गायला लागले. वरच्या सा-ला गळा चिरकणार हे मला कळलं. ताईलाही कळलं असावं, कारण आत ती भांडी जरा जोरात घासायला लागली.