मैनाबाईचे पैसे कोणत्या बँकेत गेले

"आजबी काईच नाई?"

मैनाबाई कुमरे मशीनच्या छोट्या पडद्याकडे बघत होती. तिला वाचता येत नाही, पण शून्य ओळखू येतं.

"नाही," मी म्हटलं. "शून्यच दाखवतंय."

"बाकीच्या बायांचे आले."

"हो. त्यांचे आले."

ती उठून पायरीवर जाऊन बसली. पुढच्या बाईचा अंगठा घेताना मला ती दिसत होती.

मी बँकेची बीसी आहे. जिथं बँकेची शाखा नाही, तिथं बँकेच्या वतीनं मशीन घेऊन जायचं, हे माझं काम. बाईनं आधार नंबर सांगायचा, मशीनवर अंगठा ठेवायचा आणि खात्यात असेल तर मी रोख द्यायची. मी मूळची सावली तालुक्यातली, धानाच्या पट्ट्यातली. लग्नानंतर गडचिरोलीच्या या जंगलपट्ट्यात आले. कोसमटोल्याला आठवड्यातून एकदा जाते आणि ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात बसते. माझं नाव फार कोणाला माहीत नाही. मशीनवाली बाई म्हणतात.

बायकांच्या खात्यात सरकारकडून महिन्याला थोडे पैसे येऊ लागले, तेव्हापासून माझ्यासमोरची रांग वाढली. ही रक्कम शहरातल्या माणसाला किरकोळ वाटेल. मैनाबाईच्या घरात या रकमेनं काय केलं ते सांगते.

दरवर्षी संक्रांत झाली की मैनाबाई आणि तिचा नवरा दसरू मिरची तोडायला तेलंगणात जात. मुकादमाची गाडी गावात यायची आणि अर्धा टोला, म्हणजे अर्धी वस्ती, भरून न्यायची. ते परत येईपर्यंत इकडे मोहाची फुलं पडून संपलेली असायची. या गावांत मोहाची कोणती झाडं कोणत्या घराची, हे ठरलेलं असतं. मैनाबाईच्या सासऱ्याच्या वाट्याची झाडं चांगली, पण वेचायला घरात कोणीच नाही. म्हातारी सासू वाकून वाकून वेचेल तेवढंच. तेही ओलं-सुकं जसं असेल तसं काटेवाल्याला जायचं. काटेवाला म्हणजे दारात तराजू घेऊन येणारा व्यापारी. हंगामात मोहफुलं सगळ्यांकडेच असतात, म्हणून तेव्हा भाव पडलेला असतो. पावसाळ्यात तो चढतो. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण तेल-मीठ आजच लागतं, आणि पावसाळा लांब असतो.

महिन्याचे पैसे सुरू झाले आणि त्या वर्षी मैनाबाई पहिल्यांदाच मिरचीला गेली नाही. दसरू एकटा गेला. ती पहाटे टोपली घेऊन झाडाखाली जायची, आंगणात फुलं वाळवायची आणि बांबूच्या कणगीत भरून ठेवायची. पावसाळ्यापर्यंत विकायची नाहीत, असं तिनं आणि सासूनं ठरवलं होतं. तेल-मीठ खात्यातल्या पैशांवर.

आणि नेमकं मोहाच्या तोंडावर खातं कोरडं पडलं.

पहिल्या महिन्यात मी म्हटलं, उशीर होत असेल. दुसऱ्या महिन्यात म्हटलं, थांब. तिसऱ्यांदा मला तसं म्हणवेना.

सगळ्यांचं काम आटोपल्यावर ती पायरीवरून उठून आली. "काटेवाला येऊन गेला. म्हणे, आता देऊन टाक, मंग भाव आणखी पडते. सासू म्हणते, दे."

"तू काय म्हणतेस?"

"मी म्हटलं, मशीनवाली बाई येऊ दे."

त्या दिवशी घरी जाताना मला हेच वाक्य आठवत होतं. एवढा भरवसा माझ्यावर कोणी ठेवावा, असं माझ्या हातात काही नसतं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेले. योजनेच्या ऑफिसातल्या ऑपरेटरनं नाव टाकून पाहिलं. "मॅडम, यांचे तर दर महिन्याला जमा झालेत. सक्सेस दाखवतंय."

तिथून शाखेत गेले. मॅनेजर साहेबांनी खातं उघडलं. "आपल्याकडे आलेले नाहीत. खातं चालू आहे, केवायसी झालेलं आहे. आपल्याकडून काही अडलेलं नाही."

"सर, ते म्हणतात टाकले. तुम्ही म्हणता आले नाहीत. मग गेले कुठं?"

"आधार ज्या बँकेला जोडलेलं असेल, तिथं."

"आपल्यालाच जोडलेलं होतं. मीच जोडून घेतलं होतं."

"होतं," साहेब म्हणाले. "आता आहे का ते बघा."

इथं थोडं समजावून सांगायला हवं. हे पैसे खाते नंबरावर येत नाहीत, आधार नंबरावर येतात. एका माणसाची चार खाती असली तरी आधारासमोर बँक एकच लिहिलेली असते, सगळ्यात शेवटी जोडलेली. मधे कुठं नवं खातं उघडलं आणि आधार तिकडे जोडलं गेलं, की पैसे गुपचूप तिकडे वळतात. जुन्या बँकेला कळत नाही. बाईलाही कळत नाही. कोणती बँक लिहिली आहे ते मोबाईलवर बघता येतं, पण त्यासाठी आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी जातो.

मैनाबाईच्या घरी फोन एकच, तिच्या आधारला जोडलेला नंबरही त्यातच. तो दसरूच्या खिशात, तेलंगणात.

कोसमटोल्यात रेंज फक्त बोडीच्या पाळीवर मिळते. बोडी म्हणजे गावचं लहान तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. पुढच्या खेपेला आम्ही दोघी तिथं जाऊन उभ्या राहिलो. मी दसरूला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"दसरूभाऊ, मी बँकेतून बोलते. तुमच्या फोनवर एक नंबर येईल..."

"बँकेतून? मंग ठेवा."

फोन बंद.

पुन्हा लावला. या वेळी मैनाबाई बोलली. "अवो, मशीनवाली बाई आहे. आपलीच आहे. मी तिच्याजवळच उभी आहो."

"तुले कोणी बसवून बोलाले लावून राह्यलं," दसरू म्हणाला. "इथी आमच्यासंग एक जण आहे, त्याचे सारे पैसे असेच गेले. फोनवर बाईच होती. गोड बोलत होती."

"तुमचं बरोबर आहे भाऊ," मी म्हटलं. "पण मी ती नाही."

"तेबी असंच म्हणत होती."

ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही, हे मीच गावातल्या बैठकीत घसा कोरडा करून सांगत असते. त्याला चूक म्हणण्याची सोय नव्हती. तोवर पाठवलेल्या ओटीपीची मुदत संपली. मी दुसरा पाठवला.

मग मैनाबाईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि ती गोंडीत बोलू लागली. आवाज चढवला नाही. दोन-तीन वाक्यं बोलली आणि थांबली. पलीकडून माणसांचा गलका आणि कुठंतरी ट्रॅक्टर ऐकू येत होता. मग दसरूनं एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला.

"काय सांगितलंस त्याला?" मी नंतर विचारलं.

"म्हटलं, नका देऊ नंबर. मोह काटेवाल्याले देतो न मी बी येतो मिरचीले. म्हातारीले सोडून."

माझ्या फोनवर बँकेचं नाव आलं. आमची बँक नव्हती. मोबाईलच्या सिमबरोबर खातं उघडून देणारी एक बँक होती. मी मैनाबाईला विचारलं, "नवं सिम कधी घेतलं?"

तिनं आठवून सांगितलं. दसरू जायच्या आधी बाजारात छत्री लावून एक जण बसला होता. स्वस्तात सिम देत होता. आधार कार्ड तिचंच सोबत होतं, म्हणून अंगठाही तिनंच दिला.

"एकदाच दिलास?"

"दोनदा. तो म्हणे, पयला बराबर नाई उमटला."

पहिला अंगठा सिमचा होता. दुसरा खात्याचा. पैसे आल्याचे मेसेजही दर महिन्याला दसरूच्या फोनवर जात होते, इंग्रजीत. त्यानं ते कंपनीच्या जाहिराती समजून सोडून दिले होते.

आमच्या मशीनवर पैसे काढताना बँक निवडावी लागते. मी नेहमी आपली बँक निवडायची. पाळीवरच बसून त्या दिवशी दुसरी निवडली. मैनाबाईनं पदरानं अंगठा पुसला आणि काचेवर ठेवला. पडद्यावर सगळे महिने एकदम आले.

ती पडद्याकडे वाकली. मग म्हणाली, "हे माझेच न? दुसऱ्या कोणाचे त नाई?"

"तुझेच."

"मंग सारे नका काढू. तेलामिठापुरते द्या. अन् एक ताडपत्री घ्याची आहे. मोहावर पाणी पडलं त सारं जाते."

काटेवाला पुढच्या आठवड्यात आला आणि तिच्या दारातून रिकामा गेला. तिला घेऊन मी शाखेत गेले आणि आधार परत जुन्या खात्याला जोडून घेतलं. त्यालाही दोन खेपा लागल्या.

श्रावण लागायच्या सुमारास तिनं मोह विकला. त्याच काटेवाल्याला. तो तेव्हा भाव वाढवून मोह मागायला आला होता आणि मैनाबाई दारात उभी राहून त्याला थांबवून ठेवत होती, असं तिच्या सासूनं मला हसत हसत सांगितलं. घर काही बदललं नाही. छप्पर तेच आहे. पुढच्या संक्रांतीनंतरही दसरू मिरचीला गेला, कारण तेवढ्या पैशांत वर्ष निघत नाही. पण तो एकटा गेला आणि मोह पडायच्या आत परत आला. आता ते दोघं मिळून वेचतात.

त्या फोननंतर दसरू गावी परत आला, तेव्हा व्हरांड्यात भेटला. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "फोनवर तुमचा आवाज येगळाच येते, बाई."

तेव्हापासून कोणी पैसे आले नाहीत म्हणून आलं, तर मी आधी मशीन उघडत नाही. इतक्यात कुठं कुठं अंगठा दिला, ते विचारते. बहुतेक वेळा तेवढ्यावरच पत्ता लागतो.