चौकीच्या दारी मशीनची वरात

गोंदियाजवळच्या कुडव्याहून स्कूटी काढली तेव्हा डिकीत पत्रकांचा गठ्ठा होता आणि डोक्यात संताप. पत्रकावर ठळक अक्षरांत, ‘शिधा हा हक्क आहे, उपकार नव्हे!’ वाक्य माझंच. देवरी ओलांडून चिचगडकडे वळलं की दोन्ही अंगांना मोह आणि तेंदू उभे राहतात. मोबाईलची रेंज मात्र बसकण मारते.

चिचगडच्या टपरीवर आलुबोंडा तर्रीत बुडवून खाल्ला. टपरीवाल्या काकांना पत्रक दिलं. त्यांनी ते नीट वाचलं, मान डोलावली, घडी घातली आणि त्याच घडीवर दुसरा आलुबोंडा ठेवून मला परत दिलं. जनजागृतीला तेल लागलं.

तिथून जंगलातल्या गावात पोचले. रेशन दुकानासमोर डफडं वाजत होतं. दुकानदार पटलेभाऊ एका टोपलीत अंगठ्याचं मशीन ठेवून त्याला हळदीचं पिवळं फडकं गुंडाळत होते.

“हे काय चाललंय?”

“नवरदेव आहे. चौकीवर नेऊन रायलो.”

मशीनला रेंज लागते, पण फक्त पोलीस चौकीच्या आवारात, टॉवरखाली. या गावानं बरीच वर्षं दोन बंदुकांच्या मधे काढली, एक नक्षल्यांची आणि एक पोलिसांची. चौकीत कोणी एकटा जाताना दिसला, तर जंगलातले त्याला खबऱ्या म्हणायचे. शिधा घेऊन जंगलाकडे जाताना दिसला, तर पोलीस विचारायचे, कोणासाठी नेतोस? आता बंदुका गप्प आहेत, पण एकटं जायची छाती अजून कोणाची होत नाही.

“एकटा गेला तं खबऱ्या, गाव गेलं तं वरात,” पटलेभाऊ म्हणाले.

माझं रक्त उसळलं. भुकेल्यानं हक्काच्या तांदळासाठी बंदुकीच्या दारात जायचं? वर नाचत जायचं? मी हे तिथंच, मोठ्यानं बोलले.

“वापस आल्यावर बोलजो वं पोरी,” टोपलीमागे उभ्या मडावी आजी म्हणाल्या. “महिना सरून रायला.”

आजींच्या घरी त्या आणि अंथरुणाला खिळलेला म्हातारा. मागच्या महिन्यात मशीननं त्यांचा अंगठा ओळखलाच नाही. अंगठ्याऐवजी चालणारा ओटीपीचा आकडा हैदराबादला कामाला गेलेल्या लेकाच्या फोनवर जातो, आणि तो फोन बंद. तो महिना दोघांनी शेजारच्यांच्या कण्यांवर (तुटक्या तांदळावर) काढला. आज या महिन्याचा शेवटचा दिवस. आज नाही जमलं, तर हाही तांदूळ बुडाला.

वरात निघाली. म्हाताऱ्या पुढे, टोपली मधे, मी मागे. चौकीचं फाटक दिसलं आणि माझा संयम संपला. मी मूठ उगारून ओरडले, “अन्न आमच्या हक्काचं!”

पुढच्या म्हाताऱ्या जागीच थबकल्या. डफडंसुद्धा थांबलं. आतल्या जवानानं फाटक लावून घेतलं.

“मोर्चा आहे का? मोर्च्याला परवानगी लागते!”

“वरात आहे साहेब!” पटलेभाऊ घाईनं म्हणाले. मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात, “वरातीत असं बोंबलते का कोनी? आजीच्या पोटावर पाय देतेस का?”

आयुष्यात पहिल्यांदा मी घोषणा अर्धी गिळली. आजी फाटकाला बिलगल्या. “उघड गा बापू. पोरगी गोंदियाची आहे, तिले काही समजत नाई.”

जवानानं फाटकावरून टोपलीत डोकावलं. “नवरदेवाची बॅटरी आहे ना? मागच्या खेपेला आमच्याच दारात बंद पडला होता.” आणि फाटक उघडलं.

टॉवरखाली रांग लागली. भराभर कामं झाली आणि आजींपाशी गाडी अडली. अंगठा ठेवला, नाही. पुसून ठेवला, नाही. तेंदूपत्ता तोडून आणि भाताची रोवणी करून बोटांच्या रेषा राहतील कशा? मग सल्ले सुरू झाले. तेल लाव. राख लाव. फुंकर मार. जवान म्हणाला, मशीनला दोन चापट्या द्या. मी कंपनीला शिव्या दिल्या, त्यानंही फरक पडला नाही.

एकेक बोट करत आजी डाव्या हाताच्या करंगळीवर आल्या. मशीनमधली बाई हिंदीत काहीतरी गोड बोलली आणि पावती बाहेर आली. सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती जवानानं. डफड्यावर मीही नाचले. सांगून टाकते, कोणीतरी फोटो काढलाच आहे.

गावात परतल्यावर आजींनी तांदूळ पदरात घेतला आणि मला जेवायला बसवलं. भात, अंबाडीची भाजी. त्या भाताला हात लावायला मला कसंतरी होत होतं.

“खाय वं. उपकार नोहे,” आजी म्हणाल्या. दुकानापाशी वाटलेलं माझं पत्रक त्यांना कोणीतरी वाचून दाखवलं होतं तर! मी खो खो हसले. आजी हसल्या नाहीत.

“हासून काऊन रायली? नवरदेव नवरीच्या दारी येत असते. इथं नवरीलेच चौकीवर जा लागते. हे कोनतं लगन? तुले भांडता येते ना? मंग तिकडे जाऊन भांड, जिथं कोनी आयकते.”

परतताना देवरीला रेंज आली, फोन टणटणायला लागला. मी एकही उचलला नाही. गावानं आपल्या भीतीतून सण काढला, म्हणून आपण टाळ्या वाजवून घरी यायचं नसतं, हे मी त्या रस्त्यावर स्वतःला बजावत होते. घरी येऊन तहसीलदारांना अर्ज लिहायला बसले. पहिली ओळ सवयीची उतरली, ती खोडली. मग लिहिलं:

‘महोदय, नवरदेवाला गावातच रेंज द्या. नवरीचं वय झालं आहे, आणि तिच्याकडे आता एकच करंगळी उरली आहे.’