मामंजींच्या लहान गाड्या

आमच्या मामंजींना एखाद्या वस्तूची भीती वाटली, की ते ती मोजायला जात. मामंजी म्हणजे माझे सासरे. कल्याणला पारनाक्याजवळ आमचं घर होतं. कचेरीतली नोकरी संपवून ते ओटीवर बसलेले असत. वीज कडाडली की कानांत बोटं घालत, मस्तवाल बैल दिसला की परक्याच्या घरात शिरत. पण सगळ्यांत जास्त भीत ते चाकांना. लहानपणी ठाण्याला त्यांनी पहिल्यांदा आगगाडी पाहिली, तेव्हा धूम ठोकून गोठ्यात गेले आणि गवताच्या गंजीत इतके खोल शिरले, की पाय धरून बाहेर ओढावं लागलं. ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि सांगताना पुन्हा घाबरत.

कल्याणला आल्यावर त्यांनी त्या इंजिनाचा सूड घेतला. स्टेशनात इंजिन पाणी भरायला उभं राहिलं, की मामंजी त्याच्या कडेने चालत आणि कोणी बघत नाहीसं पाहून कोपरापासूनचा हात त्याच्या अंगाला लावत. इंजिन तापलेलं असे, म्हणून थोडा लांबूनच. घरी येऊन एका हाताला एक बोट, या मापाने त्यांनी लाकडाचं इंजिन केलं. पुढे सगळ्या गाड्यांना हेच माप राहिलं. "मोठी होती तोवर ती मला बघत होती," ते म्हणत, "आता मी तिला बघतो."

मी लग्न होऊन आले तेव्हा ओटीवरच्या फळीवर इंजिनाशेजारी टपालाचा टांगा आणि मामलेदारांची बग्गी उभी होती. लाकूड शिवणीचं, आसाला छत्रीची काडी, आणि रंग घरीच खललेले. ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचा. चाकाच्या आऱ्यावर रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत आणि रेघ संपली की असा मोठा सुस्कारा टाकत, की मला आत चुलीपाशी ऐकू येई. रंगाचा एक हात वाळला की दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी चंद्रसाचं रोगण. पोरासोरांनी सोडाच, ह्यांनीसुद्धा त्या फळीला हात लावलेला खपत नसे. हे म्हणजे माझे यजमान. मालधक्क्यावर कारकून होते.

रंग खलायचं काम माझ्याकडे होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. पण सुनेने सासऱ्याशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. मामंजी माजघराच्या चौकटीकडे तोंड करून म्हणत, "हिंगूळ अजून थोडा बारीक हवा होता, म्हणावं." मी आतून बांगड्या वाजवत असे. वाजल्या म्हणजे हो, आणि न वाजल्या म्हणजे नाही. एवढ्या दोन शब्दांवर आमचा संसार वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला. मला त्यात काही उणं वाटलं नाही.

मग गावात प्लेग आला. उंदीर पडू लागले, माणसं शेतात झोपड्या बांधून राहायला गेली, आणि घरोघर तपासणी सुरू झाली. तापाचा माणूस सापडला की त्याला चारी बाजूंनी पडदे लावलेल्या घोडागाडीत घालून खाडीकाठच्या छपरात नेत. तिथून परत आलेला माणूस आमच्या आळीने पाहिला नव्हता. त्या गाडीची चाकं ऐकू आली, की आळीत एकामागून एक दारं लागत आणि मामंजी देवघरात जाऊन बसत. त्यांचं अन्न तुटलं. शेवटी एक दिवस ते उठले आणि त्या गाडीला मोजायला गेले.

गाडीवान हाशा कोपर गावचा, आगरी माणूस. त्याने हसतहसत गाडीला हात लावू दिला. पण चाकांवर येईतो आतून कोणीतरी कण्हलं आणि मामंजी पळत घरी आले. गाडीचं बाकीचं अंग तयार झालं, पडदेसुद्धा लागले, चाकं तेवढी राहिली. तेव्हा त्यांनी हाशाला सांगून ठेवलं, की रिकामी गाडी घेऊन कधी दारावरून जाशील तर थांब. हे मला कळलं तेव्हा माझ्या हातातला खल सुटला.

कारण त्याच सुमारास हे अंथरुणाला खिळले होते. सडकून ताप होता आणि जांघेत गाठ आली होती. ह्यांनी मला शपथ घातली होती, की अण्णांना, म्हणजे मामंजींना, कळू द्यायचं नाही. ते भिऊन सगळ्या आळीला सांगतील. मामंजींना पोट बिघडल्याचं सांगितलं होतं. शपथ नसती तरी मी काय करणार होते? बांगड्या वाजवून गाठ कशी सांगायची? आणि सासऱ्यापुढे नवऱ्याच्या जांघेचं नाव कोणत्या तोंडाने काढायचं? मी रंग खलत होते, शेकायला वीट तापवत होते आणि चाकांचा आवाज येतो का ते ऐकत होते.

एक दिवस दुपारी तो आला. आळीतली दारं धडाधड लागली आणि चाकं नेमकी आमच्या पायरीशी थांबली. "पंत, तुमची बारकी गारी बगाला आयलूय," हाशा म्हणाला. त्याच्याबरोबर तपासणीचा शिपाई होता. आलोच आहोत तर घरही पाहून घेतो, असं तो म्हणाला, आणि मामंजींनी मोठ्या आनंदाने त्याला वर बोलावलं. मुलाचं पोट बिघडलंय, बाकी घरात सगळं ठीक आहे, असं ते सांगत होते. आत हे कण्हले. मी चौकटीबाहेर आले, परक्या पुरुषांदेखत, आणि म्हणाले, "मामंजी, आधी तुम्ही आत या."

ते माझ्याकडे बघतच राहिले. माझा आवाज त्यांनी इतक्या वर्षांत ऐकलाच नव्हता. ते आत आले, तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं, इकडे ताप आहे, जांघेत गाठ आहे. ते भिंतीला टेकले. तोंड पांढरं पडलं. आता मामंजी ओरडणार, असं मला वाटलं.

"सूनबाई," ते हळू म्हणाले, "आधी काय आलं? ताप की गाठ?"

"आधी लंगडत होते. धक्क्यावर पायात खिळा गेला होता. मग ताप, आणि गाठ शेवटी."

हे मी बोलले आणि बोलताना मलाच पहिल्यांदा ऐकू आलं. खिळा मला माहीत होता, हळद मीच भरली होती. पण त्या दिवसांत गाठ म्हटली की प्लेग, त्यापलीकडे कोणाची बुद्धी चालत नव्हती. मामंजींनी समई जवळ ओढली आणि पांघरूण सारलं. तळव्याची जखम फुगली होती आणि घोट्यापासून एक तांबडी रेघ वर मांडीकडे गेली होती. त्यांनी त्या रेघेवर बोटाशेजारी बोट ठेवत पार गाठीपर्यंत माप नेलं. बोट रेघेवरून ढळलं नाही.

"ही अवधाण आहे. जखमेच्या विषाने येते ती."

"नक्की?"

"नाही," ते म्हणाले. "मी काय वैद्य आहे? पण लपवलं आणि मागून सापडलं, तर कोणी पाय बघणार नाही. नुसती गाठ बघतील."

आणि माझ्या जिवाचं पाणी करत ते ओटीवर गेले आणि शिपायाला म्हणाले, "घरात ताप आहे, गाठही आहे. पण पाय पाहिल्याशिवाय मी मुलाला उचलू देणार नाही." शिपाई दारातूनच डोकावला आणि मागे सरला. डॉक्टरांना आणतो, तोवर गाडी इथून हलायची नाही, असं बजावून तो गेला.

ती दुपार मी कशी काढली ते सांगता येत नाही. दारात गाडी, आत हे, आणि मी मध्ये उंबऱ्यावर. घोडा खूर आपटायचा आणि मी उठून उभी राहायचे. मामंजी पायरी उतरले आणि गाडीचं चाक मोजू लागले. प्रत्येक वेळी माप वेगळंच येत होतं. पुन्हा चाकाच्या मधल्या तुंब्यापासून सुरुवात करत, पुन्हा चुकत. "बसा पंत," हाशा म्हणाला, "चाक काय पलून जात न्हाय." पण ते बसले नाहीत.

डॉक्टर आले. त्यांनी पाय पाहिला, रेघ पाहिली, जखम चिरून पू काढला आणि गाडीला जायला सांगितलं. ती गेल्यावर मामंजी पायरीवर मटकन बसले आणि मोठ्याने रडले. मीही रडले, तिथेच, त्यांच्यादेखत.

हे बरे झाले. त्यानंतर आमच्या घरात बांगड्यांचं बोलणं संपलं. मामंजींचा हात फार कापू लागला होता, म्हणून त्या गाडीची चाकं मी रंगवली, ओटीवर त्यांच्याशेजारी बसून. सुनेला ओटीवर बसवलं म्हणून आळीने खूप नाकं मुरडली. मामंजी म्हणत, "त्यांना माझ्यापेक्षा जास्त भीती वाटते बिचाऱ्यांना."

पुढे दम्याने त्यांना घेरलं. शेवटच्या दिवशी सकाळी हे वैद्यांना आणायला गेले होते आणि मामंजींनी माझा हात घट्ट धरला होता. "सूनबाई, फार भीती वाटते गं," ते म्हणाले. "आणि याला मोजायचं कुठून, ते कळत नाही. तू बोलत राहा."

मी विचारलं, काय बोलू? चाक कसं रंगवतेस ते सांग, म्हणाले. मी सांगू लागले. आधी तुंबा, तो काळा. मग आरे, ते पिवळे, आतून बाहेर. ते प्रत्येक आऱ्याला हं म्हणत होते. मग हं यायचं थांबलं. उरलेले आरे मी सांगितले, त्यांवरची तांबडी रेघ सांगितली, बाहेरची लोखंडी धाव सांगितली, आणि सगळं चाक पुरं झाल्यावर त्यांचा हात सोडला.